अँगलचा स्टँड, मिगचं वेल्डिंग आणि ग्राइंडर कुठे थांबवायचा

नाशिकला सिडकोतल्या एका गच्चीवर हजार लिटरच्या टाकीचा स्टँड बनवायचा होता, 50 बाय 50 चा 6 एमएम अँगल (काटकोनात वळलेली लोखंडी पट्टी), आणि मालकांची एकच अट, "सांधा दिसायला नको बरं का". आता सगळ्यांनाच असं गुळगुळीत पाहिजे असतं आणि आपण पण भरभरून हो म्हणतो, मग वेल्ड कसंही ओतायचं आणि ग्राइंडर घेऊन तासभर घासत बसायचं. अंबडला शेडमध्ये काम करताना मी पण सुरुवातीची दोन-तीन वर्षं हेच केलंय. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, ते घासलेल्या वेल्डवर उभं करायचंय हे तेव्हा डोक्यातच नसायचं.

तर आधी अँगल साफ करा. नवीन अँगलवर जी निळसर-करडी पापडी असते ना, मिल स्केल म्हणतात ती, रॉडच्या वेल्डिंगला ती बऱ्यापैकी चालून जाते कारण रॉडवरचा फ्लक्स, म्हणजे मळ ओढून घेणारा लेप, ती खातो, मिगमध्ये, म्हणजे टॉर्चमधून सलग वायर आणि गॅस येतो त्या वेल्डिंगमध्ये, फ्लक्सच नाही. त्यामुळे सांध्याच्या दोन्ही बाजूला इंचभर पट्टी 60 नंबरच्या फ्लॅप डिस्कने (ग्राइंडरला लावायची सँडपेपरच्या पाकळ्यांची चकती) पांढरी चकचकीत करून घ्यायची, अर्थिंगचा क्लॅम्प लावायचाय तिथे पण. तेल लागलेलं असेल तर थिनरचा फडका मारा आणि पूर्ण सुकू द्या, ओल्या थिनरवर आर्क मारू नका. जीआय पाइप जोडायचा असेल तर जस्ताचा थर घासून काढा आणि दारं उघडी ठेवा, तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो, एकदा भोगलंय.

मग फिटिंग. गुण्या लावून कापा, चारही पाय एकदम क्लॅम्पमध्ये धरून एकाच मापाचे करा. कोपऱ्यात 3 एमएमची फट राहिली की ती वायरने भरावी लागते, तिथे ढेकूळ होतं आणि तेच ढेकूळ मग तुम्ही अर्धा तास घासता. जिथे दोन अँगल टोकाला टोक जोडायचेत आणि वरून सपाट पाहिजे तिथे 6 एमएमला कडा तिरक्या घासून व्ही करायचा, मिळून साधारण 60 अंशाचा, आणि खाली दीड-दोन एमएम गॅप सोडायचा. व्ही न करता नुसतं वरून ओतलं आणि ग्राइंडरने सपाट केलं तर हातात काय राहतं? काहीच नाही, वरची सगळी साय काढून टाकलीत. मिगचा हाच घोळ आहे, वेल्ड दिसायला एकदम सुंदर पडतं आणि खाली चिकटलेलंच नसतं.

मशीनचं सेटिंग विचाराल तर माझं असं असतं, 0.8 ची कॉपर कोटेड वायर, 5-6 एमएमच्या अँगलला करंट 140 च्या आसपास, व्होल्टेज 19-20, गॅस 12 लिटर प्रति मिनिट. मशीनप्रमाणे हे थोडं इकडे-तिकडे होतं म्हणून आधी त्याच अँगलच्या तुकड्यावर मारून बघा आणि मग तो तुकडा व्हाइसमध्ये धरून हातोडीने मोडा, मोडल्यावर आतलं खरं काय ते कळतं. नुसता सीओटू वापरलात तर वितळणं खोल जातं पण वितळलेल्या लोखंडाचे छर्रे जास्त उडतात, आर्गन मिक्स 80-20 घेतलं तर गॅस महाग पण वेल्ड सपाट आणि घासायचं काम निम्मं. ज्या जॉबला फिनिश पाहिजे तिथे मी मिक्सच लावतो, डिस्कचे आणि घासणाऱ्या हेल्परच्या हजेरीचे पैसे धरले तर महाग पडत नाही. टॉर्च प्लसला असायला पाहिजे, गॅसलेस वायर लावायला कोणी पोलॅरिटी उलटी केली असेल आणि तशीच ठेवून गेला असेल तर दिवसभर कळत नाही की आज सगळं असं का थुंकतंय.

आणि वारा! आपल्याकडे संध्याकाळी जो गार वारा सुटतो तो चहा प्यायला छान, मिगला वैरी. गॅस उडून गेला की वेल्डला जाळी पडते, वरून बारीक भोकं दिसतात आणि घासत जावं तशी आत अजून निघतात. काही जण अशा भोकांवर वरून परत एक फेरी मारतात, ते करू नका, पूर्ण घासून काढा आणि नव्याने भरा. गच्चीवर मिग करायचंच असेल तर तीन बाजूंनी ताडपत्री बांधा, नाहीतर सरळ रॉड वापरा. मी तर शक्यतो फ्रेम शेडमध्येच पूर्ण करतो आणि गच्चीवर नटबोल्टने जोडतो.

वेल्ड मारताना आधी सगळीकडे टॅक, म्हणजे छोटे टाके, मग चौकटीचे कर्ण मोजा, दोन्ही सारखे आले की मगच पुढे. एका कोपऱ्यात सगळं संपवून दुसऱ्याकडे गेलात तर फ्रेमला पीळ पडणारच, म्हणून समोरासमोरचे कोपरे घ्यायचे. वायर टिपच्या बाहेर 10-12 एमएम, टॉर्च थोडा कलता ठेवून पुढे ढकलत न्यायचा, आवाज तेलात भजी सोडल्यासारखा एकसारखा आला पाहिजे. फट् फट् आवाज यायला लागला तर वायर जास्त येतेय किंवा व्होल्टेज कमी आहे. हेल्मेटची काळी काच 10 किंवा 11 नंबरची, आणि टॅकच आहे म्हणून डोळे मिटून मारायची सवय सोडा, रात्री डोळ्यात वाळू टोचायला लागली की कळतं.

आता ग्राइंडर. आतल्या कोपऱ्यातलं, म्हणजे दोन अँगल काटकोनात मिळतात तिथलं फिलेट वेल्ड, त्याला हात लावायचा नाही. त्याची ताकद त्याच्या जाडीतच असते, 6 एमएमच्या फिलेटचा गळा, म्हणजे कोपऱ्यापासून वेल्डच्या पृष्ठभागापर्यंतची सगळ्यात कमी जाडी, जेमतेम 4 एमएम, त्यातला दीड-दोन घासलात तर राहिलं काय? आयएस 800 मध्ये, म्हणजे स्टीलच्या बांधकामाच्या भारतीय मानकात, गळा 3 एमएमपेक्षा कमी नको असं दिलेलंच आहे. तिथे फक्त छर्रे छिन्नीने उडवायचे आणि वायर ब्रश मारायचा. वेल्डवर काचेसारखे तपकिरी ठिपके बसतात ते पण टोकून काढा, त्यांच्यावर रंग धरत नाही. घासायचं ते फक्त वरच्या बाजूचं, टाकी जिथे बसणार आणि जिथे नजर जाते ते. मालकांना मी हे तोंडावर सांगतो, वरून सांधा दिसणार नाही, आतून दिसणार, आणि दिसलाच पाहिजे. बहुतेक लोक ऐकतात.

उंचवटा जास्त असेल तरच जाड ग्राइंडिंग व्हील, 25-30 अंशात धरून, आणि अर्धा एमएम शिल्लक राहिला की थांबायचं. उरलेलं फ्लॅप डिस्कने, जवळजवळ आडवं धरून, वेल्डच्या लांबीत हलक्या हाताने. दाबायचं नाही, दाबलं की लोखंड निळं पडतं आणि बाजूच्या अँगलला खड्डा पडतो, तो खड्डा वेल्डपेक्षा जास्त दिसतो. 60 वर काम संपतं, फार तर 80. रंग द्यायचाय, आरसा नाही करायचा, जास्त गुळगुळीत केलं तर प्रायमरला पकडायला काही उरत नाही. कटिंगच्या पातळ डिस्कची बाजू घासायला वापरणारे महाभाग रोज बघतो, ती डिस्क फुटली तर तुकडा थेट तोंडावर येतो. गार्ड काढू नका, डिस्कच्या मधल्या रिंगवर एक्स्पायरी छापलेली असते ती बघा, आणि डिस्कवरचा आरपीएम ग्राइंडरपेक्षा कमी नको.

छर्रे चिकटू नयेत म्हणून अँटी स्पॅटर स्प्रे मारला असेल तर रंगाआधी थिनरने पुसा, नाहीतर रंगाला डोळे, म्हणजे गोल खळगे पडतात. घासलेलं उघडं लोखंड रात्रभर ठेवू नका, पावसाळ्यात तर सकाळपर्यंत लाल झालेलं असतं, त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर मारा.

आणि गच्चीवर ग्राइंडर चालवावाच लागला तर खाली जुनं पोतं ओलं करून अंथरा, कामानंतर झाडून वर लोहचुंबक फिरवा. पहिल्या वर्षी मी असाच निघून आलो होतो, मेमध्ये. जूनच्या पहिल्या पावसात गच्चीच्या पांढऱ्या टाइल्सवर लोखंडाचा सगळा कीस गंजला, तपकिरी ठिपके, आणि मी दोन रविवार गुडघ्यावर बसून ते घासत होतो.