हिवाळ्यात लेक टाहो: बे एरियातून (सॅन फ्रान्सिस्को आणि आसपासच्या भागातून) पहिल्यांदा स्कीइंगला निघताना

टाहोला पहिल्यांदा गेलेल्यांची सहल तीन गोष्टींपायी फसते: निघायची वेळ चुकते, बर्फात टायरवर चढवायच्या चेन कधी बसवून पाहिलेल्या नसतात आणि स्कीचे बूट पायाला नीट बसत नाहीत. तिन्ही गोष्टी घरून निघण्याआधी किंवा उतारावर जाण्याआधी आपल्या हातात असतात, म्हणून इथे त्यांनाच जास्त जागा दिली आहे.

तळं कॅलिफोर्निया आणि नेवाडाच्या सीमेवर, सिएरा नेवाडाच्या डोंगरात आहे. पाण्याची पातळीच समुद्रसपाटीपासून १,८९७ मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून अडीचशे मीटर उंच. स्कीचे उतार त्याच्याही वर, काही तर ३,००० मीटरच्या पुढे जातात. पहिल्या दिवशी थोडं डोकं दुखणं, धाप लागणं, झोप उडणं होऊ शकतं. पाणी भरपूर प्या आणि पहिल्या रात्री दारू टाळा. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असलेल्या आई-बाबांना नेणार असाल, तर त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा.

उत्तर की दक्षिण, हे आधी ठरवा

बे एरियातून वर जायला दोन रस्ते आहेत. आय-८० डोनर समिटच्या घाटातून (२,२०६ मीटर) ट्रकीला उतरतो. हा तळ्याचा उत्तर भाग. हायवे ५० एको समिटवरून (२,२५० मीटर) साउथ लेक टाहोला जातो. सॅन फ्रान्सिस्कोहून दोन्हीकडे अंतर साधारण १९० मैल, कोरड्या रस्त्यावर साडेतीन ते चार तास.

राहायचं एकीकडे आणि स्कीइंग दुसरीकडे, हा बेत आखू नका. पश्चिम किनाऱ्याचा हायवे ८९ एमराल्ड बेजवळ कड्याला चिकटून जातो आणि मोठ्या हिमवृष्टीत हिमस्खलनाच्या धोक्यामुळे बंद करतात, कधी कधी कित्येक दिवस. मग साउथ लेकहून उत्तरेच्या पॅलिसेड्स टाहोला स्कीइंगला जायला पूर्व किनाऱ्याने नेवाडातून मोठा वळसा पडतो.

स्कीची ठिकाणं अशी: उत्तरेला पॅलिसेड्स टाहो (१९६० सालचं हिवाळी ऑलिंपिक इथेच झालं), नॉर्थस्टार, शुगर बोल, बोरियल, सोडा स्प्रिंग्ज. दक्षिणेला हेवनली, सिएरा-ॲट-टाहो आणि थोडं आडवाटेला कर्कवूड. अगदी पहिल्या दिवसासाठी मोठ्या नावाच्या मागे लागायची काहीच गरज नाही. नवशिक्या माणसाला दिवसभरात एक-दोन लहान उतारच वापरता येतात; चार हजार एकरांच्या डोंगराचं तिकीट काढून ते वाया जातं. बोरियल आय-८० ला लागूनच आहे, सोडा स्प्रिंग्ज लहान मुलांना आणि ट्यूबिंगला (हवा भरलेल्या ट्यूबवर बसून घसरायला) उत्तम.

कधी निघायचं

ख्रिसमस ते नवं वर्ष, जानेवारीतला मार्टिन ल्यूथर किंगचा लाँग वीकेंड आणि फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डेचा, हे तीन टाळा. मंगळवार ते गुरुवार रजा मिळत असेल तर तीच घ्या: उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टला रांग नाही, तिकीटही बहुधा स्वस्त. वीकेंडलाच जायचं असेल तर शुक्रवारी दुपारी चार ते नऊच्या मध्ये सॅक्रॅमेंटो ओलांडण्याच्या फंदात पडू नका. रविवारी दुपारनंतर परतीची हीच कथा. मोठी हिमवृष्टी सांगितलेली असेल तर बेत एक दिवस पुढे ढकला. वादळात आय-८० तासन् तास बंद राहतो आणि बंद रस्त्यावर अडकलेल्या गाडीला मागे वळता येत नाही.

रस्त्याची खबर कॅलट्रान्सच्या (कॅलिफोर्नियाच्या रस्ते खात्याच्या) क्विकमॅप या ऑनलाइन नकाशावर पाहा. फोनवरचा नकाशा जवळची वाट म्हणून डोंगरातल्या एखाद्या छोट्या रस्त्यावर उतरवतो. त्या रस्त्यावर बर्फ काढणारं यंत्र फिरलेलं नसतं आणि मदतीलाही कुणी नसतं. हायवे सोडू नका. गाडी चालवायचीच नसेल तर एमरीव्हिलहून ॲमट्रॅकची कॅलिफोर्निया झेफर ही रेल्वेगाडी थेट ट्रकीला जाते.

टाकी पायथ्याशीच भरा: आय-८० वर ऑबर्न, हायवे ५० वर प्लॅसरव्हिल. इलेक्ट्रिक गाडीची रेंज थंडीने घटते आणि चढावर आणखी खर्च होते, तेव्हा चार्जही तिथेच करून घ्या. काच धुण्याच्या टाकीत बे एरियातलं साधं निळं पाणी असेल तर ते वर गोठतं आणि मीठ-चिखलाने काच आंधळी होते. उणे २० अंश फॅरनहाइटपर्यंत न गोठणारं द्रव भरून घ्या. गाडीत पांघरुणं, पाणी, टॉर्च, खाणं आणि एक छोटं फावडं हवंच.

चेन

कॅलिफोर्नियात चेनच्या सक्तीच्या तीन पातळ्या आहेत. आर १ मध्ये साध्या मोटारीला बर्फाचे टायर असले की चेन न लावता जाता येतं. आर २ मध्ये चारही चाकांना जोर असलेली (ऑल व्हील ड्राइव्ह) आणि चारही चाकांना बर्फाचे टायर असलेली गाडीच चेनशिवाय जाते. पण आर १ असो की आर २, चेन गाडीत असाव्या लागतात. ऑल व्हील ड्राइव्ह आहे म्हणून ही अट सुटत नाही. आर ३ मध्ये सगळ्यांना चेन, पण त्या आधीच रस्ता बहुधा बंद करतात. बर्फाचा टायर ओळखायला त्याच्या कडेला एम प्लस एस (M+S) किंवा डोंगर आणि हिमकणाची खूण आहे का ते पाहा. आणि एक मनावर घ्या: ऑल व्हील ड्राइव्ह गाडीला पुढे सरकायला मदत करते, थांबायला नाही. बर्फात अशाच गाड्या बाजूच्या ढिगाऱ्यात शिरलेल्या दिसतात.

भाड्याची गाडी असेल तर करार वाचा. अनेक कंपन्या चेन लावायला मनाई करतात. अशा वेळी बर्फाचे टायर असलेलीच गाडी मागा.

माप टायरच्या कडेवर लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ २१५/५५ आर १७. तिन्ही आकडे चेनच्या खोक्यावरच्या यादीत जुळले पाहिजेत. चेन घराजवळच घ्या आणि ड्राइव्हवेमध्ये कोरड्या उजेडात दोनदा बसवून पाहा. अंधारात, वाऱ्यात, बोटं बधिर झालेली असताना शिकायची ही गोष्ट नव्हे.

चेन कंट्रोलच्या जागी, म्हणजे जिथे चेन लावायला सांगतात तिथे, उजवीकडच्या मोकळ्या पट्टीत गाडी सपाटीवर उभी करा, हँडब्रेक ओढा, चारही दिवे लुकलुकते ठेवा. चेन कोणत्या चाकांना? जी चाकं गाडी ओढतात त्यांना. बहुतेक सेडान आणि मिनीव्हॅनना पुढच्या. ऑल व्हील ड्राइव्हला गाडीच्या पुस्तिकेत लिहिलं असेल त्या.

चेन जमिनीवर पसरून आधी गुंता सोडवा. आकड्यांची उघडी तोंडं टायरपासून बाहेरच्या बाजूला हवीत. उलटी बसली तर टायरच्या कडेला घासतात. चेन टायरवरून पांघरा, गुडघ्यावर बसून हात टायरच्या मागे घाला आणि आतली कडी आधी अडकवा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात: आतली कडी हाताला लागते, दिसत नाही, आणि घाईत अर्धवट अडकते. बोटाने चाचपून खात्री करा, मगच बाहेरची कडी लावा. शेवटी चेन ताणून धरणारा रबरी पट्टा बसवा. शंभर-दोनशे मीटर हळू जाऊन परत थांबा. चेन हमखास सैल झालेली असते. तेव्हा पुन्हा आवळा. हे न करणाऱ्यांच्या चेनचं सुटलेलं टोक फेंडरवर आपटतं, कधी ब्रेकच्या नळीपर्यंत पोहोचतं. वेग ताशी २५ ते ३० मैलांच्या वर नको. खटखट आवाज आला की लगेच थांबा. बर्फ संपून डांबर लागलं की काढण्याच्या जागी चेन काढा, कोरड्या रस्त्यावर त्या तुटतात.

या कामासाठी रबरी तळव्याचे हातमोजे, गुडघ्याखाली घ्यायला एक जुनी कारमॅट आणि डोक्याला लावायचा दिवा वेगळ्या पिशवीत ठेवा, आणि ती पिशवी सामानाच्या सगळ्यात वर. पैसे घेऊन चेन लावून देणारे लोक उभे असतात. परवानाधारकाच्या अंगावर नंबराचा बिल्ला असतो. ते चेन विकत किंवा भाड्याने देऊ शकत नाहीत, त्यामुळे तुमच्या डिकीत त्या असायला हव्यात.

कपडे आणि बूट

जीन्स घालून उतारावर जाऊ नका. सुती कापड भिजतं, वाळत नाही आणि अंगाची ऊब खेचून घेतं. आत लोकरीचं किंवा पॉलिएस्टरचं थर्मल, वर फ्लीस, त्याच्यावर पाणी न शिरणारं जॅकेट आणि पँट. पँट-जॅकेट भाड्यानेही मिळतं. हेल्मेट आणि गॉगल भाड्याच्या यादीत नसतील तर मागून घ्या. चष्मा असेल तर चष्म्यावरून बसणारा गॉगल हवा, आणि तो घामेजल्या कपाळावर चढवू नका, लगेच धुकं धरतो. ढगाळ दिवशीही सनस्क्रीन लावा. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणून हनुवटीखाली आणि नाकपुड्यांखालीही लावा. लोक तिथेच भाजतात.

बुटांत मोजा एकच, पातळ, गुडघ्यापर्यंतचा. थंडी वाजेल म्हणून दोन जोड घातले की घड्या पडतात, रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गार पडतो. थर्मलचा पाय बुटात जाता कामा नये, तो वर सरकवून बुटाच्या कडेबाहेर ठेवा.

बूट घातल्यावर टाच दोनदा जमिनीवर आपटून मागे बसवा, मग बकल लावा. घोट्याच्या वरची घट्ट, बोटांवरची जेमतेम. सरळ उभं राहिल्यावर अंगठा पुढे हलका टेकला पाहिजे. गुडघे वाकवले की तो मागे सरकला पाहिजे आणि टाच उचलली जाता कामा नये. आरामशीर वाटणारा बूट बहुधा एक माप मोठा असतो, आणि मोठ्या बुटात पाय वळला तरी स्की वळत नाही. नवशिक्यांना वाटतं आपल्याला जमत नाही, प्रत्यक्षात बूट सैल असतो. दुपारी जेवणानंतरही बूट बदलून मागायला संकोच करू नका.

दुकानात वजन, उंची, वय आणि अनुभव विचारतात, त्यावरून बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) किती जोर आला की सुटावी हे ठरतं. वजन खरं सांगा, आणि अनुभव वाढवून तर मुळीच सांगू नका. बाइंडिंग जास्त घट्ट झाली की पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो.

पहिला दिवस

नवशिक्यांचं पॅकेज घ्या: धडा, भाड्याचं सामान आणि खालच्या उताराचं तिकीट एकत्र. ऑनलाइन आधी काढा, खिडकीवर महाग पडतं. वीकेंडला काही ठिकाणी पार्किंगही आधी आरक्षित करावं लागतं, तेही तेव्हाच पाहा. धडा दहाला असेल तर साडेआठला पार्किंगमध्ये असा. भाड्याच्या रांगेत एक तास सहज जातो. नवऱ्याने बायकोला, किंवा आठवड्यापूर्वी शिकलेल्या मित्राने सगळ्या ग्रुपला शिकवण्यापेक्षा दोन तासांचा प्रशिक्षक कितीतरी स्वस्त पडतो.

स्की घालण्याआधी बुटाच्या तळाचा बर्फ काठीने झाडा, नाहीतर टाच लागत नाही. बोटं आधी, मग टाच दाबा, खट्‌ आवाज आला पाहिजे. उतारावर असाल तर स्की उताराला आडव्या ठेवा आणि खालच्या बाजूची आधी घाला.

थांबायला पिझ्झाचा तुकडा करा: पुढची टोकं जवळ, मागची दूर. भीती वाटली की शरीर आपोआप मागे रेलतं आणि नेमकी तेव्हाच स्की पळते, कारण वळवणारा आणि अडवणारा भार पुढच्या भागावर असतो. नडगी बुटाच्या जिभेवर सतत दाबलेली जाणवली पाहिजे. तो दाब गेला की तुम्ही मागे रेललात असं समजा. पडायची वेळ आली तर बाजूला पडा. उठताना दोन्ही स्की खालच्या बाजूला, उताराला आडव्या घ्या. तरीही जमत नसेल तर वरची स्की काढून उभे राहा.

उतारांच्या पाट्यांवर हिरवं वर्तुळ म्हणजे सोपं, निळा चौकोन मध्यम, काळा हिरा अवघड. पण हे त्या त्या डोंगरापुरतं असतं, एकाचं हिरवं दुसऱ्याच्या निळ्याएवढं असू शकतं. पुढे असलेल्या माणसाला वाटेचा हक्क. त्याला टाळणं मागच्याचं काम. हेवनलीला कॅलिफोर्नियाच्या बाजूने वर गेलात तर संध्याकाळी खाली स्कीने उतरू नका, तो उतार फार उभा आहे, ट्रामने (तारेवरच्या पाळण्याने) उतरा. शेवटची एक फेरी मोहाची असते. साडेतीननंतर पाय थकलेले आणि बर्फ कडक होत आलेला, तेव्हा ती सोडून द्या.

स्की न करणाऱ्यांसाठी

भारतातून आलेल्या आई-बाबांना हेवनलीचा गोंडोला (रोपवे). गावातूनच निघतो, मध्ये २,७८० मीटरवरच्या सज्जावर उतरून सगळं तळं दिसतं. ते गोठत कसं नाही हा प्रश्न त्यांना हमखास पडतो: खोली ५०१ मीटर आहे, वरचं पाणी गार झालं की जड होऊन खाली जातं आणि खालचं त्यामानाने उबदार पाणी वर येतं, म्हणून पृष्ठभाग गोठण्यापर्यंत पोहोचतच नाही.

मुलांना घसरगुंडी खेळायची असेल तर हायवेच्या कडेला गाडी लावू नका. स्नो-पार्क नावाची ठरलेली ठिकाणं आहेत. १ नोव्हेंबर ते ३० मे परवाना लागतो आणि तो जागेवर मिळत नाही, आधी घ्या. फुटलेल्या प्लॅस्टिकच्या घसरपाट्या परत आणा. उन्हाळ्यात तेच तुकडे तळ्याच्या काठी सापडतात. तळ्याचं पाणी किती नितळ आहे हे कळायला पांढरी तबकडी पाण्यात सोडून ती कुठवर दिसते ते इथे मोजतात. १९६८ मध्ये सरासरी १०२ फुटांपर्यंत दिसायची, अलीकडे साठ-सत्तर.

केबिनमध्ये

इथे पाणी साधारण ९४ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही, तेव्हा कुकर किंवा इन्स्टंट पॉट न्या आणि नेहमीपेक्षा साधारण पाव भाग जास्त वेळ द्या. उतारावर खायला पोळीचे रोल आणि थर्मासमध्ये चहा; लॉजमधलं खाणं महाग आहे. मात्र मुक्कामी पोहोचल्यावर उभ्या गाडीत काहीही खाण्याचं ठेवू नका, वाटेसाठी घेतलेलंही आत न्या, चिवड्याचं रिकामं पाकीटसुद्धा नाही. टाहोची काही अस्वलं हिवाळ्यातही जागी असतात आणि त्यांना गाडीचं दार उघडता येतं. रात्री वायपर काचेवरून उचलून ठेवा. बुटांचे आतले अस्तर काढून खोलीत वाळवा, हीटरवर ठेवू नका.

घरी परतल्यावर चेन नळाखाली धुवा. मीठ राहिलं की पुढच्या वर्षी कड्या गंजून अडकतात. वाळवा, तुटलेली तार आहे का पाहा, आणि हातमोज्यांसकट त्याच पिशवीत परत ठेवा.