कर्णबधिर मूल हातांनी स्वतःशीच बोलत असेल तर घरच्यांनी काय करायचं

साइन करणारं, म्हणजे हातांच्या खुणांच्या भाषेत बोलणारं मूल अभ्यासाला बसलंय आणि एकटंच हात हलवतंय, भुवया उडवतंय, तर घाबरू नका, आपली बाकीची पोरं गणित सोडवताना तोंडातल्या तोंडात पुटपुटतात ना, अगदी तेच चाललंय. मोठी माणसंपण करतात. स्वतःशी बोलताना साइन लहान होतात, कमरेजवळ येतात, कधी एकाच हाताने होतात, कधी नुसती बोटं हलतात, आणि कधी बाहेर काहीच दिसत नाही, सगळं मनातल्या मनात.

पहिली गोष्ट म्हणजे त्याचे हात धरू नका. "हात खाली घे, लोक बघतायत" हे लोकलमध्ये, लग्नात, कुठेही म्हणू नका प्लीज. १८८० साली इटलीत मिलानला बहिऱ्यांच्या शिक्षणावर परिषद झाली, तिथे शिक्षकांनी ठराव केला की बहिऱ्या मुलांना तोंडी बोलणंच शिकवायचं, आणि त्यानंतर कितीतरी देशांत शाळांमधून साइन हद्दपार झाली, मुलांचे हात बांधून ठेवल्यासारखं झालं, ते आपण घरात परत कशाला करायचं?

दुसरं, त्याचे हात काय म्हणतायत ते टक लावून वाचत बसू नका, ते त्याचं खासगी बोलणं आहे. हाक मारायची तर खांद्यावर हलकेच थाप द्या नाहीतर लाइट एकदा बंद-चालू करा, मागून एकदम हात पकडला तर मूल दचकतं.

आणि तुम्हीसुद्धा स्वतःशी साइन करायला लागा, मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. भाजी निवडताना आज काय आणायचंय, उद्या डबा काय, हे हातांनी मनाशी बोला. आयएसएलमध्ये, म्हणजे भारतीय सांकेतिक भाषेत, काय, कुठे, कोण हे बहुतेक वेळा शेवटी येतं, तर "उद्या डबा काय" असं. सारखं हातांकडे बघू नका, सरावलेल्या माणसाला आपला हात कुठे आहे ते न बघताच कळतं. आरसा भुवया नि चेहऱ्यासाठी ठेवा, कारण भुवया उचलल्या नाहीत तर हो-नाहीचा प्रश्न साधं वाक्य वाटतो.

शब्द अडला की आयएसएलआरटीसी या सांकेतिक भाषेच्या सरकारी केंद्राची डिक्शनरी यूट्यूबवर फुकट आहे, १०,००० शब्द आहेत. पण नुसत्या व्हिडिओवर थांबू नका, मुंबईत वांद्रे रेक्लेमेशनला अली यावर जंग ही कर्णबधिरांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे साइनच्या कोर्सची चौकशी करा, आणि शिकवणारे स्वतः कर्णबधिर असतील तर तीच बॅच घ्या.