कॉलेजात असतानाच जनसंपर्काची तयारी: सुरुवात प्रेसनोटपासून

जनसंपर्कात करिअर करायचं म्हणणाऱ्या पोरांना मी पहिलं काम सांगते ते त्यांच्याच कॉलेजातलं. रक्तदान शिबिर, एनएसएसचं हिवाळी शिबिर, स्नेहसंमेलन, युवा महोत्सव, वर्षभर काहीतरी चालू असतंच. त्याची बातमी कुणीतरी लिहून पेपरला पाठवतं. बहुतेक वेळा एखादे प्राध्यापक, तेही नाइलाजानं, रात्री घरी जाता जाता. त्यांना गाठा आणि म्हणा, ‘सर, यापुढची प्रेसनोट मी लिहून देते.’ नाही म्हणणारे सर मी अजून पाहिले नाहीत.

मी आधी सोलापुरातल्या एका दैनिकाच्या डेस्कवर होते, आता एका हॉस्पिटलचं जनसंपर्काचं काम बघते. म्हणजे आधी लोकांच्या प्रेसनोटा कापायचे, आता स्वतःच्या पाठवते. ‘मॅडम, मला लोकांशी बोलायला लई आवडतं’ असं सांगत मुलं येतात. आवडू द्या. पण या कामात दिवसाचा मोठा भाग लिहिण्यात जातो, आणि लिहिताना समोर कोण बसलंय, त्याला काय लागतं, हे ओळखण्यात. समोर बसलेला म्हणजे संध्याकाळी सातला तीस-चाळीस नोटांचा ढीग उपसणारा उपसंपादक.

त्याच्या नजरेनं एक नोट बघू. कॉलेजकडून येते ती साधारण अशी: ‘येथील नामांकित महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजना विभागाच्या वतीने भव्य रक्तदान शिबिराचे मोठ्या उत्साहात आयोजन करण्यात आले. कार्यक्रमाची सुरुवात मान्यवरांच्या शुभहस्ते दीपप्रज्वलन व प्रतिमापूजनाने झाली. व्यासपीठावर...’ आणि मग अकरा नावं, प्रत्येकामागं पदासकट. किती जणांनी रक्त दिलं ते शेवटून दुसऱ्या ओळीत. उपसंपादक पहिले दोन परिच्छेद उडवतो, तीन नावं ठेवतो, आकडा वर ओढतो. पानावर जागा नसली तर एवढी मेहनतही घेत नाही, नोट तशीच राहते.

हे सगळं तुम्हीच आधी करून पाठवा. समजा, आकडे असे आहेत: ‘महाविद्यालयातील ८४ विद्यार्थ्यांनी मंगळवारी रक्तदान केले. त्यांतील ५१ जणांनी पहिल्यांदाच रक्त दिले.’ त्याखाली पहिल्यांदा रक्त देणाऱ्या एखाद्या मुलीचं, तिनं खरंच उच्चारलेलं एक वाक्य. मग शिबिर कुणी घेतलं, कोण हजर होतं. ‘रक्ताचा तुटवडा असताना’ असं लिहायचा मोह होईल. रक्तपेढीला फोन करून विचारल्याशिवाय लिहू नका. दीपप्रज्वलन गाळलंत तरी चालतं, दिवा लागलेलाच असतो.

यावर प्राचार्य विचारणार, ‘माझं नाव इतकं खाली कसं?’ इथून खरा जनसंपर्क सुरू होतो, कारण पुढं नोकरीत साहेबही हेच विचारणार आहेत. वाद घालू नका. मागच्या वर्षीची पाठवलेली नोट आणि छापून आलेलं कात्रण शेजारी शेजारी ठेवून दाखवा: वर लिहिलेली नावं गेली, आकडा राहिला. कात्रण बघितल्यावर बहुतेक प्राचार्य ऐकतात. जे ऐकत नाहीत त्यांचं नाव दुसऱ्या परिच्छेदात घ्या आणि पुढं चला.

या कात्रणांचीच फाइल करा. डाव्या पानावर तुम्ही पाठवलेला मजकूर, उजवीकडं छापलेली बातमी, आणि काय कापलं, काय बदललं, मथळा काय दिला, हे लाल पेनानं खुणा करून. न छापलेल्या नोटाही ठेवा. मुलाखतीला आलेल्याच्या हातात अशी फाइल दिसली की मी प्रमाणपत्रांचा गठ्ठा बाजूला ठेवते. वर्षभर अशी तुलना केली की बातमी कशाला म्हणतात हे कळायला लागतं, आणि ते वर्गात शिकवून येत नाही.

पाठवण्याच्या बारीकसारीक गोष्टींवर पुष्कळ नोटा मरतात. मजकूर युनिकोडमध्ये, थेट मेलच्या आत लिहा. लेटरहेडवर टाइप करून त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला तर डेस्कवर कुणीतरी तो पुन्हा टाइप करावा लागतो, आणि ते कुणी करत नाही. पीडीएफचंही तेच. श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टात, टाइप केलेली फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की किडामुंगी दिसते. फोटो वेगळा जोडा, व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दाबून निम्मा होतो. फोटोखाली ‘डावीकडून’ म्हणून नावं द्या आणि आडनावं दोनदा तपासा. आपल्या सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू अशी सगळी आडनावं एका फोटोत असतात. माणसाला स्वतःचं चुकलेलं आडनाव वर्षानुवर्षं लक्षात राहतं. वेळ दुपारची, चारच्या आत. रात्री नऊला नोट पाठवून ‘उद्या येईल ना?’ असा फोन करणाऱ्याचा नंबर डेस्कवर लगेच पाठ होतो, पण चांगल्या कारणानं नव्हे.

भाषेचं बोललेच आहे तर जरा थांबते. पुण्या-मुंबईच्या जनसंपर्क एजन्सीत इंग्रजी लागेल, ते सुधारा. पण सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या पद्मशाली घरातल्या मुलाला तेलुगू येतं, अक्कलकोटकडच्या मुलीला कानडी येतं, आणि दोघंही अर्जात ते लिहीत नाहीत! आमच्या हॉस्पिटलच्या शिबिराचं पत्रक तीन भाषांत निघतं. ते तपासायला घरचीच भाषा असलेला माणूस लागतो, ॲपनं केलेला तर्जुमा वाचून लोक हसतात. घरात जे बोलता ते लिहिता येतं का बघा, येत नसेल तर आजीकडून, शेजाऱ्याकडून लिपी शिका.

वाचन. सोलापूरच्या हि. ने. वाचनालयात किंवा कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन एकाच दिवसाचे ‘संचार’, ‘सकाळ’, ‘लोकमत’, ‘दिव्य मराठी’ समोर पसरा आणि एकच बातमी चौघांत शोधा. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत हे करायला मजा येते. तेच नंदीध्वज, तीच अक्षता, पण एकाचा मथळा गर्दीवर, दुसऱ्याचा वाहतुकीवर, तिसऱ्याचा परंपरेवर. कोणाला काय आवडतं ते असं कळतं. मग स्वतः लिहून बघा: कधीच सोलापूरला न आलेल्या माणसासाठी गड्ड्याची यात्रा, म्हणजे हीच सिद्धेश्वर यात्रा, दोनशे शब्दांत. किंवा सोलापुरी चादर, तिला भौगोलिक मानांकन आहे हे सांगून, पण ‘जगप्रसिद्ध’ हा शब्द न वापरता. विशेषणं काढून घेतली की माहिती किती कमी होती ते उघडं पडतं.

पत्रकारांची यादी ठेवा: नाव, पेपर, कोणतं क्षेत्र बघतात, मेल. महापालिकेचं बघणाऱ्याला युवा महोत्सवाची नोट पाठवू नका. पेपर बदलले की यादी बदला. आणि भेट, पाकीट, जेवण यांच्या वाटेनं बातमी लावायला शिकू नका. जाहिरात द्यायची तर जाहिरात विभागात पैसे भरून द्या, बातमीला बातमीचा मजकूर द्या. ही रेघ विद्यार्थी असतानाच आखून घ्या, पुढं ती आखणं अवघड जातं.

वाईट बातमीचीही तयारी हवी. १९०६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा अपघात झाला, तेव्हा रेल्वेचे जनसंपर्क सल्लागार आयव्ही ली यांनी तो झाकायच्या ऐवजी पत्रकारांना माहिती दिली. पाठ्यपुस्तकात हा किस्सा भेटेलच. कॉलेजात याचा सराव असा करता येतो: निकालाचा गोंधळ झाला, वसतिगृहात जेवणातून त्रास झाला, अशी अफवा ग्रुपवर फिरायला लागली की अर्ध्या तासात पाच ओळींचं निवेदन लिहून बघा. काय नक्की माहीत आहे, काय तपासलं जातंय, पुढची माहिती किती वाजता. पाच वाजता सांगतो म्हटलं तर पाचला सांगायचं, नवीन काही नसलं तरी.

शिक्षणाचं थोडक्यात. पदवी कोणतीही चालते. पुढं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात जनसंज्ञापन विभाग आहे. सरकारी बाजूला माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आहे. जिल्हा माहिती अधिकाऱ्याची पदं एमपीएससीमार्फत भरतात, पात्रतेच्या अटी जाहिरातीत नीट वाचा. रेल्वेचा सोलापूर विभाग, महावितरण, महापालिका, साखर कारखाने, बँका, हॉस्पिटलं, यांनाही हे काम करणारा माणूस लागतो, कधी पद वेगळ्या नावाचं असतं इतकंच.

इंटर्नशिप मात्र आधी पेपरच्या डेस्कवर करा, एजन्सीत नंतर. मे महिन्यासाठी फेब्रुवारीतच अर्ज द्या, स्वतः जाऊन, दुपारच्या वेळी, सोबत ती फाइल घेऊन. पैशाचं विचारायला लाजू नका. पगार नाही म्हणाले तर येण्याजाण्याचा खर्च आणि शेवटी अनुभवाचं पत्र एवढं तरी पहिल्याच दिवशी ठरवून घ्या, आणि ते मेलवर लिहून मागा.