घरामागच्या परड्यातली बेणणी (तणकाढणी) आणि मधमाश्या: या चुका टाळा

मांडवभर वेल, फुलांचा खच, आणि बोटाएवढी झालेली काकडी पिवळी पडून गळते. खत कमी पडलं म्हणून आपण शेणपाणी घालत बसतो. गेल्या श्रावणात मीही घातलं. कारण वेगळंच होतं. दगडी गडग्याकडेला एकदांडी नावाची तणवनस्पती माजली होती. तिच्यावर मी भर सकाळी तणनाशक मारलं, तेही सातेरी मधमाश्या फुलांवर असताना. काकडी-भोपळ्याची नर-मादी फुलं वेगवेगळी. माशी फिरली नाही तर मादी फुलामागची ती इवली काकडी तशीच सुकते.

तणनाशकाने माश्या टपाटप मरतात असं नाही. पण फवाऱ्यात भिजलेली माशी घरी पोचेलच असं नाही, आणि फुलंच करपली तर उरलेल्या तुमच्या परड्यात कशाला येतील? शिवाय ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांकडूनच करायचा असा आदेश केंद्राने २०२२ मध्ये काढला. आपण पाठीवर पंप अडकवून मारायचं ते औषधच नव्हे.

‘संध्याकाळी फवारा, माश्या नसतात’ हा सल्लाही अर्धाच खरा. लाल भोपळ्याचं फूल पहाटे उमलून दुपारच्या आत मिटतं, तिथे ठीक. पण शिराळं नि पडवळ फुलतात संध्याकाळीच, आणि त्यांच्याकडे रात्री पतंग येतात.

मिठाचं पाणी ओतणारेही भेटतात. माडाला मीठ मानवतं, पडवळाला नाही.

मग बेणणी करायची कशी? फुलाच्या आधी. टाकळा मिरगानंतर वीतभर झाला की खुडा आणि भाजी करा. याहून स्वस्त तणनियंत्रण मला माहीत नाही. हुकलाच, तर पिवळी फुलं भुंग्यांना चार दिवस लाभू देत, पण शेंगा भरायच्या आत विळा चालवा. एकदांडी एका दमात साफ करू नका. अर्धा पट्टा आज, उरलेला पंधरा दिवसांनी, म्हणजे मधल्या काळात माश्यांना उरलेल्या पट्ट्यात फुलं मिळतात.

लव्हाळ्याला मात्र दयामाया नको. ओढलात तर पात हातात येते, गाठ खाली राहते आणि आठवड्यात नवा कोंब दिसतो. पावसाने माती मऊ असताना कुदळीने खणा, काळ्या गाठी वेचा. खतखड्ड्यात टाकू नका, तिथूनच त्या परत येतात. खरं तर हे काम एका पावसाळ्यात संपत नाही.

आळ्यांत झावळ्या, नारळाची सोडणं, वाळक्या पानांचा पातेरा जाड पसरला की बाकीचं तण दबतं. फक्त सगळी जमीन झाकू नका. पोटावर निळे पट्टे असलेली एकांडी माशी मातीत भोक पाडून घर करते. आमच्या गडग्याच्या पायथ्याशी, उन्हाच्या बाजूला, हातभर जागा उघडी ठेवली आहे. तिथली भोकं पेन्सिलीएवढी आहेत. दोन वेळा मी ती मुंग्यांची समजून बुजवली होती.