नागपूरहून बंगलोरला बिऱ्हाड हलवताय? मग ट्रक सगळ्यात शेवटी बुक करा

घर बदलायचं म्हटलं की लोक आधी पॅकर्सवाल्यांना फोन लावतात, आणि मग दिवसभर तेच फोन उचलत बसतात. ते राहू द्या. आधी तारीख ठरवा, आणि घरात शाळेत जाणारं लेकरू असेल तर ती त्याच्या शाळेवरून ठरवा, स्वतःच्या जॉइनिंगवरून नको. आपल्याकडे विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, बंगलोरला त्या जूनच्या सुरुवातीलाच चालू होतात आणि काही तर मे संपायच्या आतच. म्हणजे इकडच्या हिशोबाने निवांत निघालात तर तिकडे पोराचे पहिले तीनेक आठवडे बुडाले समजा. शाळा सोडल्याचा दाखला, मागच्या वर्षांचे निकाल, आधार, जन्मदाखला हे सगळं उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेचं ऑफिस बंद व्हायच्या आत हातात घ्या. राज्य बदलतंय म्हणून दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागेल का, हे नव्या शाळेला फोन करून आधीच विचारा, मे महिन्यात त्या एका सहीसाठी झेडपीत चकरा मारणं फार जिवावर येतं. कन्नड दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून शिकावी लागणार हे पोराला आत्ताच सांगून ठेवा, मुलं शिकतात, टेन्शन आईबापांनाच असतं.

मग घर. इथे पैशाचा मोठा धक्का बसतो, त्यामुळे डिपॉझिटचे पैसे एफडीत अडकवून ठेवू नका. दहा महिन्यांचं भाडं डिपॉझिट ही बंगलोरची जुनी रीत, आता बऱ्याच ठिकाणी पाच-सहा महिन्यांवर जमतं, पण नागपूरच्या एक-दोन महिन्यांच्या मानाने तेही भारीच आहे. शिवाय घर सोडताना पेंटिंगच्या नावाखाली एक महिन्याचं भाडं कापायची तिथे पद्धत आहे, ते किती कापणार हे अॅग्रीमेंटमध्ये आकड्यासकट लिहून घ्या, तोंडी नको. एरिया ठरवताना नकाशावरचे किलोमीटर बघू नका, मेट्रो बघा. व्हाइटफील्डकडे ऑफिस असेल तर पर्पल लाइन, इलेक्ट्रॉनिक सिटीकडे असेल तर ऑगस्ट 2025 मध्ये चालू झालेली यलो लाइन, आणि जे काही कराल ते रोज ट्रॅफिकसाठी बदनाम असलेल्या सिल्क बोर्डच्या चौकातून गाडी काढायची वेळ येणार नाही असं करा. घर बघायला गेलात की हॉल केवढा, बाल्कनी कुठे हे नंतर, पहिला प्रश्न पाण्याचा: कावेरीची लाइन (म्हणजे नळाला येणारं नदीचं पाणी) आहे का बोअर आहे का टँकरवर भागवतात? 2024 च्या उन्हाळ्यात कितीतरी मोठमोठ्या सोसायट्यांना टँकरही मिळेना झाले होते, त्यामुळे एजंट "नो प्रॉब्लेम सर" म्हणाला तरी खालच्या वॉचमनला विचारा, तो खरं सांगतो. बोअरचं पाणी जड असतं, तुमचा साधा यूव्हीवाला फिल्टर तिथे चालायचा नाही, आरओ लागेल.

आता न्यायचं काय आणि टाकायचं काय. माझं मत स्पष्ट आहे, कूलर नेऊ नका. हो, माहितीये, नागपूरच्या माणसाला कूलर सोडणं जिवावर येतं, पण बंगलोर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर आहे, मे महिन्यातही संध्याकाळी पाऊस येऊन जातो आणि मग पंखासुद्धा कमी करावा लागतो. भावाला देऊन टाका, नाहीतर बिल्डिंगमधल्या कोणाला. लाकडी दिवाण, जुनी प्लायवूडची कपाटं, ज्यांचे स्क्रू एकदा काढले की परत धरत नाहीत, ती इथेच विका, कारण पॅकर्सवाला पैसे लावतो ते ट्रकमधल्या जागेचे, आणि कपाटाच्या किमतीएवढं तर कधी कधी त्याचं भाडंच होतं. फ्रिज आदल्या दिवशीच बंद करून पाणी काढून टाका, तिकडे पोचल्यावर काही तास उभा राहू द्या, मगच चालू करा. फ्रंट लोड वॉशिंग मशीन असेल तर ती आली तेव्हा मागे लावलेले ट्रान्झिट बोल्ट शोधा, ते न लावता अकराशे किलोमीटर हलली तर ड्रमची वाट लागते. तिखट आणि मसाला मात्र न्याच, भिवापुरी मिरचीचं तिखट आणि सावजी मसाला तिथे शोधत कुठे फिरणार. ज्वारीची काळजी करू नका, कर्नाटकात ज्वारी भरपूर, आणि अंबाडीची भाजी पण मिळते, पुंडी म्हणून मागायची.

एवढं झालं की मग ट्रक. कोटेशन फोनवर घेऊ नका, माणूस घरी येऊन किंवा व्हिडिओवर सगळं सामान बघून जाऊ दे, माळ्यावरचं पण दाखवा, नाहीतर भरायच्या दिवशी "सामान जास्त आहे" म्हणून रेट वाढतो. नामांकित कंपन्यांच्या नावाशी मिळतीजुळती नावं घेऊन बसलेले खूप आहेत, जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकून बघा, पूर्ण पैसे आधी देऊ नका, बिल्टी (माल ताब्यात घेतल्याची ट्रान्सपोर्टवाल्याची पावती) घेतल्याशिवाय गाडी हलू देऊ नका. पार्ट लोड स्वस्त पडतो पण गाडी भरेपर्यंत तुमचं सामान गोडाऊनमध्ये पडून राहतं, घाई असेल तर पूर्ण गाडीच घ्या. इन्शुरन्सचे पैसे घेतले तर ती खरोखर विमा कंपनीची पॉलिसी आहे का त्यांच्याच लेटरहेडवरचा कागद, हे विचारा. आणि एक लक्षात ठेवा, वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल (मालवाहतुकीसाठीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) लागत नाही, त्या नावाखाली कोणी पैसे मागितले तर देऊ नका. दोन्हीकडच्या सोसायटीला लिफ्टसाठी आधी कळवा. मे मध्ये निघताय तर गाडी पहाटे भरा, दुपारी पंचेचाळीस डिग्रीत हमालांकडून सामान चढवून घेणं माणुसकीला धरून नाही.

गाडीचं प्रकरण वेगळंच. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर तिथला नंबर घ्यावा लागतो, एमएच 31 काय किंवा 49 काय, पोलिस लांबूनच ओळखतात. त्यासाठी इथल्या आरटीओची एनओसी लागते (फॉर्म 28), त्याआधी सगळी चलानं भरून टाका, लोन असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र घ्या. तिकडे गाडीच्या वयाप्रमाणे लाइफटाइम टॅक्स भरायचा आणि मग इथे भरलेल्यातला उरलेला टॅक्स परत मागायचा, हे मिळायला वेळ लागतो. गाडी जुनी असेल तर सरळ इथेच विका, एवढ्या टॅक्सच्या लायकीची आहे का ते बघा. केंद्र सरकारची नोकरी असेल किंवा तुमच्या कंपनीची चार किंवा जास्त राज्यांत ऑफिसं असतील तर बीएच (भारत सीरिज, राज्य बदललं तरी तोच चालतो) नंबरचा विचार करा, पुढे परत बदली झाली तर कटकट नाही. गाडी कधी कर्नाटकात आली याचा पुरावा म्हणून फास्टॅगचं स्टेटमेंट जपून ठेवा. बाइक रेल्वेने पाठवणार असाल तर टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढावं लागतं, आरसीची झेरॉक्स लागते.

गॅस शेवटच्या आठवड्यात. सिलिंडर ट्रकमध्ये घालू नका, कोणी नेतही नाही. सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीला जमा करून ट्रान्सफरचं टर्मिनेशन व्हाउचर आणि डिपॉझिट घ्या, शेगडी तुमची, ती न्या. नव्या एजन्सीला व्हाउचर आणि भाड्याचं अॅग्रीमेंट दाखवायचं. तेच अॅग्रीमेंट आधारचा पत्ता बदलायला, मतदार यादीतलं नाव हलवायला (फॉर्म 8, ऑनलाइन होतं) आणि गृहज्योतीला लागेल. गृहज्योती म्हणजे कर्नाटकातली दोनशे युनिटपर्यंतच्या फुकट विजेची योजना, भाडेकरूंनाही मिळते, फक्त आधीच्या भाडेकरूचं आधार त्या मीटरवरून काढलंय का, हे मालकाला आधीच विचारा. नवीन सिलिंडर येईपर्यंत काही दिवस जातातच, त्यामुळे इंडक्शन, एक कढई, चहाचं भांडं आणि पोहे ट्रकमध्ये न देता तुमच्यासोबतच्या बॅगेत ठेवा, सोनं आणि ओरिजिनल कागदांच्या शेजारीच.