बुडातून सडलेलं कॅक्टस असं वाचवलं

नर्सरीतून आणलेलं कॅक्टस श्रावणातल्या झडीत बुडाशी पिचपिचीत झालं. कुंडीत आमच्या यवतमाळकडची काळी माती भरलेली. कापसाला ती सोनं. पण पाणी धरून ठेवते, मुळांना हवा मिळत नाही, बुरशी लागते.

सुरी स्पिरिटनं पुसून खोड खालून चकत्या पाडत कापत गेलो. गाभ्यातला तांबूस डाग पार संपून काप स्वच्छ हिरवट-पांढरा आला, तिथंच थांबलो. उरलेला शेंडा सावलीत, वाऱ्यावर ठेवला. कापावर कडक खपली धरल्यावरच लावला: दोन भाग चाळलेला मुरूम, एक भाग जाड रेती, मूठभर कुजलेलं शेणखत. मुळं फुटेस्तोवर पाणी जवळपास बंदच.

आता शेंड्याला नवे काटे आलेत. उन्हाळ्यात इकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा दुपारी सावली मात्र द्याच.