काच काळी म्हणजे डोळे सुरक्षित? गॉगल-चष्म्याच्या या चुका टाळा

ऊन तापायला लागलं की सांगली-मिरज रस्त्याच्या कडेला गॉगलचे स्टँड लागतात. गिऱ्हाईक एकच गोष्ट बघतं, काच किती काळी आहे. गफलत होते ती इथंच. काचेचा रंग फक्त दिसणारा उजेड कमी करतो. अतिनील म्हणजे यूव्ही किरण डोळ्याला दिसतच नाहीत. ते अडवायचं काम रंग करत नाही, काचेचं मटेरियल किंवा त्यात मिसळलेलं द्रव्य करतं. म्हणून पांढरी स्वच्छ काच जवळपास सगळा यूव्ही अडवू शकते आणि काळीकुट्ट काच तो बिनदिक्कत आत सोडू शकते. त्यात काळ्या काचेमागं बाहुली मोठी होते, म्हणजे आत जायला वाट आणखी रुंद.

घेताना ‘यूव्ही ४००’ बघा, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवणारी काच. पण स्टिकर काय, कुणीही छापतं. त्यावर घरगुती तपासणी आहे. दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो, त्याखाली ५०० ची नोट धरा. नंबराचे आकडे आणि कागदातले बारीक तंतू चमकायला लागतात. आता दिवा आणि नोट यांच्यामध्ये गॉगलची काच आणा. नोटेकडं मात्र काचेतून बघू नका, बाजूनं बघा. चमक विझली तर ठीक. आकडे तसेच चमकत राहिले तर तो गॉगल परत स्टँडवर ठेवा. ही तपासणी कच्चीच आहे, ४०० पर्यंतची खात्री मीटरवरच होते, पण टाकाऊ माल लगेच उघडा पडतो. फक्त दिव्याकडं थेट बघू नका.

‘पोलराइज्ड आहे, म्हणजे भारीच’

दुकानदार एक कार्ड दाखवतो. त्यातलं लपलेलं चित्र गॉगल लावल्यावर दिसतं आणि आपण खूश होतो. त्या कार्डानं फक्त पोलरायझेशन, म्हणजे पृष्ठभागावरून उसळणारी झळाळी अडवायचा गुण, सिद्ध होतं, यूव्हीशी त्याचा संबंध नाही. कृष्णेच्या पाण्यावरची किंवा ओल्या डांबरावरची झळाळी मारायला पोलराइज्ड काच उत्तमच. मात्र ती लावून मोबाइल आडवा धरल्यावर स्क्रीन काळी पडली तर ना मोबाइल बिघडलाय ना काच, तिचा गुणच तो.

‘उन्हात काळा होणारा चष्मा गाडीत काळा होत नाही, मला डुप्लिकेट दिला’

दुकानात सगळ्यात जास्त भांडण याच काचेवरून होतं, आणि बहुतेक वेळा दुकानदाराची चूक नसते. ही फोटोक्रोमिक काच काळी होते ती मुख्यतः यूव्हीमुळे. गाडीची पुढची काच दोन थरांची असते, ती बराचसा यूव्ही बाहेरच अडवते, मग चष्म्याला इशाराच मिळत नाही. हेल्मेटची काच खाली असली तरी बऱ्याचदा हेच होतं.

दुसरी तक्रार उन्हाळ्यातली. ही काच थंडीत जास्त काळी होते आणि उष्णतेत कमी. डिसेंबरात महाबळेश्वरला गडद दिसलेला चष्मा एप्रिलमध्ये तासगावच्या उन्हात फिकट वाटणारच. फिकट दिसली तरी चांगली काच यूव्ही अडवतच असते, तेवढ्यासाठी दुकानात भांडायला जाऊ नका.

खरी काळजी वेगळीच आहे. काच काळी व्हायला अर्धा-एक मिनिट पुरतं, पण परत पांढरी व्हायला कित्येक मिनिटं लागतात. हेल्मेटची काच वर करून भर उन्हातून खंबाटकीच्या बोगद्यात शिरणाऱ्या दुचाकीवाल्याला पहिले काही क्षण नीट दिसत नाही. बोगद्याच्या अलीकडंच वेग कमी करा. साधा गॉगल असेल तर उतरवा, आणि तोही गाडी चालवताना नाही, आधीच थांबून.

शेतात गॉगल नको, डोळे झाकणारा पांढरा चष्मा हवा

उसाच्या पात्यानं डोळ्याला ओरखडा बसणं आपल्याकडं नवीन नाही. त्यासाठी पॉलिकार्बोनेटची, म्हणजे एका मजबूत प्लास्टिकची काच घ्या. ती सहजासहजी फुटत नाही आणि बहुतेक यूव्ही जात्याच अडवते. साध्या फायबरच्या काचेला त्यासाठी वेगळी ट्रीटमेंट लागते. पातं लागलंच तर मेडिकलमधून विचारून थेंब आणू नका. वनस्पतीच्या ओरखड्यातून बुबुळावर बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, आणि थेंबात स्टेरॉइड असेल तर तो बळावतो. लाली, दुखणं किंवा पांढरा ठिपका दिसला तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठा. मिरज काय लांब आहे?

ब्लू-कटबद्दल, म्हणजे निळा उजेड अडवते म्हणून विकल्या जाणाऱ्या काचेबद्दल, थोडक्यात सांगतो. निळ्या टॉर्चचा ठिपका काचेनं अडवून दाखवतात तो खेळ आहे. टॉर्चचा रंग आणि स्क्रीनचा निळा रंग एक नाही. वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात, कॉम्प्युटरवर काम करताना डोळ्यांवर येणारा ताण या काचांनी कमी होतो असं दिसलं नाही. मोबाइलपेक्षा कितीतरी जास्त निळा उजेड उन्हातून येतो. जादा पैसे मोजायचेच असतील तर अँटी-ग्लेअरला, म्हणजे काचेवरची चमक मारणाऱ्या कोटिंगला मोजा, रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांचा त्रास थोडा तरी कमी होईल.

आणि घेतलेली काच नीट सांभाळा. शर्टाच्या टोकानं किंवा पदरानं कोरडीच पुसू नका. हळदीच्या पेठेत फिरून आलेल्या चष्म्यावर बारीक धूळ असते, ती घासली की ओरखडे पडतात. आधी नळाखाली धरा, भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब बोटानं फिरवा, मग मऊ कापडानं टिपा. गरम पाणी नको, सॅनिटायझर नको. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर चष्मा ठेवूच नका. काच तापून फुगते, कोटिंगला तेवढं फुगता येत नाही, आणि त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात. त्या पुसून जात नाहीत, कोटिंग परत चढवूनही मिळत नाही, काचच बदलावी लागते.